म्युनिकमध्ये एमएक्स-५ साठी विंटर टायर: दोन सेट, ऑल सीझन की हिवाळाभर गाडी बंद?

बिबवेवाडी_ते_बायर्न

नमस्कार मंडळी. जूनमध्ये सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली, एनडी मॉडेल, २.० लिटर, १८४ पीएस, सॉफ्ट टॉप. कॉलेजपासून दोन सीटची उघडी गाडी घ्यायचं डोक्यात होतं, पुण्यात काही जमलं नाही, इथे येऊन चौथ्या वर्षी जमलं. उन्हाळाभर खूप फिरवली, कोखेलवरून वाल्खेनसेला चढणारा केसेलबर्ग, टेगर्नसे, ऑगस्टमध्ये ग्रोसग्लॉकनर पण करून आलो. टायर २०५/४५ आर१७ समर, गाडी वळणात नुसती चिकटून जायची.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात सकाळी पावणेसातला ऑफिसला निघालो, बाहेर ३ डिग्री, रात्री पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर ओली पानं, आणि रोजच्याच राउंडअबाउटवर रोजच्याच स्पीडने वळताना मागची बाजू सरळ बाहेर गेली. स्टॅबिलिटीचा पिवळा दिवा लुकलुकला, गाडी सावरली, मागे कोणी नव्हतं म्हणून बरं. बायको शेजारी बसली होती, ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून झोप उडालीये म्हटलं तरी चालेल, कारण रोज जाऊन-येऊन ४४ किमी हीच गाडी आहे, दुसरी गाडी नाही आणि ऑफिसकडे बस-ट्रेनने गेलं तर दुप्पट वेळ लागतो.

मागच्या मालकाने गाडीसोबत हिवाळ्याचा सेट दिलाय, १९५/५० आर१६, अलॉय रिमसकट. नक्षीची खोली मोजली तर ६ मिमी आहे म्हणजे भरपूर. बाजूला एम+एस (मड अँड स्नो) लिहिलंय, डॉट म्हणजे टायर कधी बनला त्या कोडचे शेवटचे आकडे २४१५. हेच चढवू का? की नवीन घेऊ? ऑफिसमधले जर्मन कलिग म्हणतात ऑल सीझन टाक आणि विसरून जा, एक जण म्हणतो स्पोर्ट्स कारला ऑल सीझन म्हणजे पाप. आणि एक बेसिक प्रश्न, समर टायर पावसात पण वाईटच असतात का? कारण त्या दिवशी बर्फ नव्हता, नुसता ओला रस्ता होता. आपल्याकडे आयुष्यभर एकच टायर वापरलेत त्यामुळे हे ऋतूचं गणित मला खरंच नवीन आहे.

केमनवाला_स्टुटगार्ट

दादा, आधी ते जुने टायर बाजूला ठेव, बाकी सगळं नंतर.

२४१५ म्हणजे २०१५ सालचा २४ वा आठवडा, म्हणजे दहा वर्षं झाली. आणि नुसतं एम+एस असेल, शेजारी तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा स्फटिक असं चिन्ह नसेल, तर ते जर्मनीत आता विंटर टायर धरलेच जात नाहीत. आधी नियम असा होता की २०१७ च्या शेवटापर्यंत बनलेले नुसते एम+एस वाले चालायचे, ती मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. आता डोंगर-स्फटिक पाहिजेच. त्यामुळे बर्फात पकडलं तर ६० युरो आणि फ्लेन्सबुर्गला, म्हणजे ड्रायव्हरच्या दंडाच्या सरकारी नोंदीत, १ पॉइंट, कोणाला अडथळा झाला तर ८०, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्सवाले निष्काळजीपणा म्हणून कास्कोचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचे, पैसे कापू शकतात. आज जाऊन साइडवॉल नीट बघ, चिन्ह असलं तरी दहा वर्षांचं रबर मी स्वतः रोजच्या गाडीला लावणार नाही. नक्षी ६ मिमी म्हणजे टायर चांगला असं आपल्याकडे सगळे धरतात पण रबर आतून कडक झालेलं असतं, ते गेजने दिसत नाही. नखाने दाबून बघ, नवीन विंटर टायर लगेच दबतो, हा लाकडासारखा लागेल.

रिम मात्र सोन्यासारख्या आहेत, त्या ठेव, त्यावर फक्त नवीन टायर चढव. मोठा खर्च तिथेच वाचतो. १६ इंच आणि १९५ रुंदी हिवाळ्याला मुद्दाम चांगली, टायर अरुंद असला की पातळ बर्फ आणि पाणचट चिखल कापून खाली रस्त्याला लागतो, आणि साइडवॉल उंच असल्याने खड्ड्यात रिम वाकत नाही. साइझ तुझ्या गाडीच्या सीओसी पेपरमध्ये (कंपनीचं मंजुरी प्रमाणपत्र) आहे का ते एकदा बघ, तिथे मंजूर साइझ दिलेले असतात.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगतीलच असं नाही. या साइझमध्ये विंटर टायर बहुतेक एच स्पीड रेटिंगचे मिळतात, एच म्हणजे २१० पर्यंत. तुझ्या १८४ पीएसची टॉप स्पीड २१९ आहे. विंटर टायरला कमी रेटिंग चालतं, पण मग ड्रायव्हरला समोर दिसेल असा २१० चा स्टिकर लावायला लागतो. व्ही रेटिंगचे मिळाले तर २४० पर्यंत, मग स्टिकरची भानगड नाही. माझी पोर्शे ७१८ केमन आहे, ती कागदावर २७५ ची, हिवाळ्यात व्ही लावतो आणि डॅशबोर्डवर २४० चा स्टिकर असतो, पाच महिने. ऑटोबानवर कोणी कितीही फ्लॅश मारू दे.

७ डिग्रीच्या खाली समर टायर नको या नियमाबद्दल पण सांगतो, कारण ते सगळे मंत्रासारखं म्हणतात. ७ ला काही बटण दाबल्यासारखं होत नाही. कोरड्या रस्त्यावर ५ डिग्रीला चांगला समर टायर विंटरपेक्षा लवकर थांबवू शकतो, हे पण खरं आहे. पण समर रबर थंडीत हळूहळू ताठ होत जातं, आणि स्पोर्ट्स कारवर जे जास्त ग्रिपवाले समर टायर असतात ते तर गरम झाल्याशिवाय कामच करत नाहीत. तुझे टायर सकाळी पावणेसातला पार्किंगमधून निघून राउंडअबाउटपर्यंत दोन किमीत काय गरम होणार? त्यात ओली पानं, हलकी मागची बाजू, रिअर व्हील ड्राइव्ह. तुझी चूक नव्हती असं म्हणणार नाही, स्पीड कमी हवा होता, पण टायर त्याच्या कामाच्या तापमानात नव्हता हे मुख्य कारण.

आणि बर्फावर तर विषयच संपतो. विंटर टायरच्या नक्षीत ज्या बारीक चिरा असतात त्या हजारो छोट्या कडा बनून पकडतात, आणि खाचांमध्ये बर्फ भरून राहतो तो खालच्या बर्फाला धरतो, बर्फ बर्फाला जितका चिकटतो तितकं रबर नाही चिकटत. समर टायरला हे दोन्ही नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल ब्रेक लावू शकतं, ग्रिप तयार करू शकत नाही.

फ्रांकनची_सून

मी थोडी वेगळी बाजू मांडते कारण इथे ऑल सीझनला नेहमी शिव्या बसतात.

मी न्युर्नबर्गला राहते, माझ्या रोजच्या गाडीला गेली तीन वर्षं ऑल सीझन आहेत, डोंगर-स्फटिक चिन्हवाले, त्यामुळे कायद्याने पूर्ण चालतात. शहरात खरा बर्फ वर्षात किती दिवस असतो, आठ-दहा, आणि रस्ते सकाळी सहापर्यंत मीठ टाकून साफ झालेले असतात. टायर बदलायची अपॉइंटमेंट नाही, तळघरात जागा नाही, ऑक्टोबरमध्ये वर्कशॉपला फोन लावत बसायला नको. ज्याला गाडी म्हणजे ऑफिस आणि किराणा, त्याला मी डोळे झाकून हेच सांगीन.

पण तुम्ही विचारताय एमएक्स-५ बद्दल, म्हणून खरं तेच लिहिते. माझ्या आधीच्या गाडीला, ती पण रिअर व्हील ड्राइव्ह आणि जरा जोरकस होती, मी हाच प्रयोग केला होता. हिवाळा चांगला गेला. ऑगस्टमध्ये ३४ डिग्रीला फ्रँकिश श्वाइत्सच्या वळणांवर गेले तर स्टिअरिंग फिरवलं की गाडी अर्धा क्षण विचार करून मग वळतेय असं वाटायला लागलं, नक्षीचे ठोकळे मऊ असल्याने ते वाकतात, ब्रेकिंग पण लांबलं. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मागचे टायर संपले. जी गोष्ट आवडते म्हणून ती गाडी घेतली होती तीच गोष्ट टायरने काढून घेतली. तुम्ही केसेलबर्ग आणि ग्लॉकनर करणारे आहात, तुम्हाला ते पहिल्याच गरम दिवशी खटकणार. त्यामुळे माझं मत, तुमच्या या गाडीला दोन सेट. ऑल सीझन पुढे कधी दुसरी साधी गाडी घेतलीत तर तिला.

सीझन_प्लेट_०४_१०

तिसरा मार्ग कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. माझी गाडी सीझन नंबर प्लेटवर आहे, प्लेटच्या उजव्या बाजूला ०४ आणि १० असे आकडे, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने गाडी रजिस्टर असते, टॅक्स आणि इन्शुरन्स तेवढ्याच महिन्यांचा. विंटर टायर घेतलेच नाहीत. नोव्हेंबरला गॅरेजमध्ये जाते, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरून ठेवतो म्हणजे एकाच जागी उभं राहून टायर चपटा होत नाही, आणि मार्च अखेरपर्यंत हात लावत नाही. मिठाचं पाणी अंडरबॉडीला लागत नाही हा सगळ्यात मोठा फायदा, एमएक्स-५ चं गंज प्रकरण वाचलं असेलच.

पण भाऊ, तुला दुसरी गाडी नाही म्हणालास. सीझन संपला की गाडी रस्त्यावर उभी पण करता येत नाही, खाजगी जागाच पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ही प्लेट घेतली तरी तुझी ती ३ डिग्रीची सकाळ ऑक्टोबरचीच होती ना, एप्रिलमध्ये पण म्युनिकला बर्फ पडतो. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्लेट चालू झाली तरी हवामान बघूनच बाहेर काढतो. म्हणजे तुझ्या केसमध्ये हे चालणार नाही, पण पुढेमागे डीलीलाइट होईल अशी दुसरी गाडी आली की विचार कर.

सीझन_प्लेट_०४_१०

वरती ऑटोकरेक्टने घाण केली, "डेलीला चालेल अशी दुसरी गाडी" वाचा.

ताम्हिणी_पावसाळी

पुण्यातून लिहितोय, बर्फाचं मला काही कळत नाही पण पावसाबद्दल बोलू शकतो, कारण बीएमडब्ल्यू एम३४०आय जुलैमध्ये रोज चालवतो.

समर टायर हे नावच गोंधळात टाकणारं आहे. समर म्हणजे कोरडा रस्ता असं नाही, समर म्हणजे गरम हवा, पावसासकट. आपल्याकडे मिळणारे जवळपास सगळे टायर त्या अर्थाने समरच आहेत आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलैत २५ डिग्रीच्या पावसात चांगला समर टायर उत्तम पकडतो. युरोपात टायरवर जे लेबल असतं त्यात ओल्या रस्त्याच्या ग्रिपला ए ते ई अक्षर दिलेलं असतं, ते नक्की बघा, ब्रँडच्या नावापेक्षा ते अक्षर कामाचं. तुमच्या त्या सकाळी पाणी आणि थंडी दोन्ही एकत्र आलं, नुसतं पाणी असतं तर कदाचित काही झालं नसतं.

पण पाण्यात एक वेगळा धोका आहे तो म्हणजे टायर पाण्यावर तरंगणं. आम्हाला लोणावळ्याच्या पुढे, जिथे रस्ता जरा खोलगट आहे आणि पाणी आडवं वाहतं तिथे, हे नेहमी भेटतं. तिथे तीनच गोष्टी महत्त्वाच्या, स्पीड, नक्षीची खोली आणि हवा. रुंद टायर आणि हलकी गाडी हे त्यासाठी सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन, आणि तुमची गाडी हलकी आहे, हजार-अकराशे किलो. कायद्याने १.६ मिमी चालतं, भारतात पण कारला तेवढंच आहे, पण १.६ वर पावसात जाणं म्हणजे पाटीवर साबण लावून उभं राहणं. मी ३ मिमीला बदलून टाकतो, एकदा २ मिमीवर जून काढला आणि खंडाळ्याच्या उतारावर स्टिअरिंग हातात हलकं झालं, दोन सेकंद गाडी माझी नव्हतीच. पाय अलगद काढला, ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ, आणि टायर परत रस्त्याला लागले. त्याच आठवड्यात चारही बदलले.

आणि हवा. थंडी पडली की हवा आपोआप कमी होते, १० डिग्री उतरलं की साधारण ०.१ बार. तुम्ही ऑगस्टमध्ये ३० डिग्रीत भरली असेल आणि मग ३ डिग्रीला निघालात, म्हणजे पाव बार तर नुसतं हवामानानेच खाल्लं. मोजली होती का त्या दिवशी?

बिबवेवाडी_ते_बायर्न

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तळघरात टॉर्च घेऊन बघितलं. डोंगर-स्फटिक नाही. चारही टायरवर नुसतं एम+एस. नखाने दाबलं, दबत नाही, आणि साइडवॉलला रिमच्या जवळ केसासारख्या बारीक भेगा आहेत ज्या मी आधी धूळ समजून पुसल्या होत्या. हे मी पुढच्या आठवड्यात चढवणार होतो, विचार करूनच कसंतरी झालं.

ताम्हिणीवाले दादा, हवा नव्हती मोजली. आज मोजली, मागे ०.३ बार कमी. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच.

ठरवलं असं की दोन सेट. जुन्या १६ च्या रिमवर नवीन विंटर, १९५/५०, व्ही मिळाले तर व्ही नाहीतर एच आणि स्टिकर. समर १७ चे तसेच ठेवायचे. अजून थोडे प्रश्न. समर टायरचे अजून किती दिवस आहेत हे कसं कळणार, आणि नोव्हेंबरमध्ये आखेनसेला एका मित्राकडे जायचंय, ऑस्ट्रियात नियम वेगळे आहेत का? आणि टायर घरी ठेवू की दुकानात?

केमनवाला_स्टुटगार्ट

भेगा असतील तर विषय संपला, ते टायर दुकानातच टाकून ये, विल्हेवाट ते लावतात.

समरसाठी खिशातलं नाणं वापर. १ युरोच्या नाण्याची बाहेरची सोनेरी कड ३ मिमी असते, ती खाचेत उभी घाल, सोनेरी भाग दिसला की समर टायर बदलायची वेळ. २ युरोची चंदेरी कड ४ मिमी, ती हिवाळ्याच्या टायरला लाव. खाच मध्ये आणि दोन्ही कडांना अशी तीन ठिकाणी बघ, जोरात वळणाऱ्याचे टायर कडेने आधी झिजतात, मध्ये ५ असेल तर बाहेर ३ असू शकतं.

ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर बर्फ, पाणचट बर्फ किंवा गोठलेल्या पाण्याचा थर असेल तर विंटर टायर सक्तीचे आणि तिथे नक्षी किमान ४ मिमी पाहिजे, त्याच्या खाली गेला की तो विंटर टायर धरत नाहीत. जर्मनीत तारखेचा नियम नाही, परिस्थितीचा आहे, लोक ऑक्टोबर ते ईस्टर म्हणतात ते लक्षात ठेवायला. तू आखेनपासवरून जाणार ना, तिकडे खाली पाऊस आणि वर बर्फ हे नोव्हेंबरमध्ये अगदी नेहमीचं आहे. नवीन असल्याने तुझे आठच्या आसपास असतील, त्यामुळे चिंता नाही. फक्त नवीन टायरवर पहिले दोन-तीनशे किमी निवांत चालव, बनवताना साच्यातून सुटायला जे लावतात ते आधी घासून जायला लागतं, म्हणून आखेनसेला जायच्या आधी चढव, आदल्या दिवशी नको.

चाकं बदलली की ५० ते १०० किमीनंतर नट परत टाइट करून घ्यायचे, हे विसरायचं नाही. माझदाचं स्पेसिफिकेशन १०८ ते १४७ न्यूटन मीटर आहे, टॉर्क पान्याने, पायाने उडी मारून नाही. आणि दोन नवीन दोन जुने असं कधी करायची वेळ आली तर जास्त नक्षीवाले मागे. गाडी पुढून घसरली तर सरळ जाते आणि आपल्याला कळतं, मागून घसरली तर काय होतं ते तू बघितलंस. तुझ्या गाडीला पुढेमागे एकच साइझ आहे हे नशीब समज, माझ्याकडे पुढे २३५ आणि मागे २६५, पुढचे मागे नेताच येत नाहीत, मागचा जोड नेहमी आधी संपतो.

फ्रांकनची_सून

ठेवायच्या बाबतीत, तळघर कोरडं असेल तर घरीच. मी दुकानात ठेवायचे तेव्हा वसंतात सगळे एकदम येतात आणि तीन आठवडे तारीख मिळत नाही. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक रचा, नुसते टायर असतील तर उभे. काढताना खडूने लिहून ठेवा, पुढे डावं, मागे उजवं असं, मार्चपर्यंत आठवत नाही. धुऊन, खाचेतले खडे काढून, वाळवून मग ठेवा. हीटरच्या आणि बॉयलरच्या जवळ नको.

बिबवेवाडी_ते_बायर्न

आज टायर बुक केले. व्ही मिळाले, डॉट यावर्षीचं आहे का ते फोनवर आधीच विचारून घेतलं. गुरुवारी साडेचारची वेळ मिळाली, आखेनसेच्या नऊ दिवस आधी. तोपर्यंत हवा भरलीये, सकाळी पंधरा मिनिटं लवकर निघतोय आणि राउंडअबाउटला दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू. समरची बाहेरची कड मोजली, पुढे ४.५, मागे ४, म्हणजे अजून एक उन्हाळा मिळेल. बायको म्हणाली गुरुवारी मी पण येते, ते नवीन टायर मला बघायचेत, नखाने दाबून.